दोन समुद्रांच्या मधलं शहर: बेंगळुरूकरांनी सर्फबोर्ड निवडताना

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर वसलं आहे. तलावांचं, झाडांचं, ट्रॅफिकचं हे शहर. समुद्राशी त्याचा काही संबंध असेल असं कोणाला वाटणार नाही. पण नकाशा उघडून पाहा. पश्चिमेला मंगळूर रस्त्याने साधारण ३५० किलोमीटर, पूर्वेला चेन्नईही जवळपास तेवढंच. शुक्रवारी रात्री निघालं तर शनिवारी सकाळी अरबी समुद्र गाठता येतो आणि पुढच्या महिन्यात बंगालचा उपसागर. इतक्या सहज दोन्ही किनारे गाठता येणारी मोठी शहरं आपल्या देशात फार नाहीत.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत बेंगळुरूच्या सोसायट्यांमध्ये अधूनमधून एक नवीन दृश्य दिसतं. गाडीच्या टपावर पट्ट्यांनी बांधलेला लांबलचक सर्फबोर्ड. पुण्या-कोल्हापूर-बेळगावहून नोकरीसाठी इथे आलेली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. मुलं फोनवर सर्फिंगचे व्हिडिओ पाहतात, एकदा मुल्कीला किंवा चेन्नईजवळच्या कोवळमला जाऊन धडा घेतात आणि परतीच्या वाटेवर विचारतात, ‘‘आपण आपला बोर्ड घ्यायचा का?’’

प्रश्न सोपा आहे, उत्तर मात्र जरा विचार करून द्यावं लागतं. शिकाऊ बोर्डाची किंमत एका बऱ्या स्मार्टफोनएवढी असते. समुद्र ३५० किलोमीटरवर असल्यामुळे वर्षाला फार तर आठ-दहा शनिवार-रविवार हाती लागतात. त्यात बोर्ड चुकीचा निघाला, तर लाटा हुकत राहतात, मूल कंटाळतं आणि बोर्ड बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीशेजारी उभा राहतो. म्हणून आधी आपल्या लाटा कशा आहेत ते समजून घेऊ, मग बोर्डाकडे वळू.

आपल्या लाटा कशा असतात?

फोनवर दिसणाऱ्या हवाईच्या, घरभर उंचीच्या लाटा विसरा. आपल्याकडे शिकणाऱ्याला जी लाट मिळते ती बहुतेक वेळा गुडघ्यापासून कमरेपर्यंत असते आणि तिच्यात जोरही बेताचाच असतो.

कर्नाटकच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे हा शिकण्याचा काळ. या दिवसांत येणाऱ्या बऱ्याच लाटा दूर दक्षिणेच्या महासागरात वादळांमुळे जन्मलेल्या असतात. हजारो किलोमीटर प्रवास करून त्या आपल्याकडे येतात, तेव्हा थकलेल्या असतात. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा लाट गुळगुळीत आणि नीट उभी राहते. दुपारी खारा वारा सुरू झाला की पाणी विस्कटतं. म्हणून सर्फिंग शिकवणारे लोक सकाळी सहाला बोलावतात, त्यात उगाच शिस्तीचा बडेजाव नसतो.

जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचं राज्य. १ जून ते ३१ जुलै या काळात तिथे यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. माशांची वीण हे तिचं मुख्य कारण, पण खवळलेला समुद्रही त्याच दिवसांतला. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या दिसल्या, की शिकाऊ माणसाने आपला बोर्डही घरीच ठेवावा.

त्या वेळी पूर्व किनारा कामी येतो. तमिळनाडूत साधारण मार्च ते सप्टेंबर शिकण्याजोग्या लाटा मिळतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस व चक्रीवादळांचे दिवस येतात. थोडक्यात, एक किनारा बंद तेव्हा दुसरा चालू. बेंगळुरूकराचं नशीब असं, की तो दोघांच्या बरोबर मध्ये राहतो.

मुंबई-कोकणात मात्र लाटा आणखी मवाळ का, असं कोणी विचारेल. समुद्राखालची उथळ भूखंडमंच नावाची पायरी हे त्याचं एक मोठं कारण. मुंबईसमोर ती सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, चेन्नईसमोर तिच्यापेक्षा कितीतरी अरुंद. उथळ तळावर घासत येताना लाटेचा जोर वाटेतच खर्च होतो. त्यामुळे तारकर्लीला किंवा गोव्याच्या अश्वेला सुट्टीत बोर्ड नेणार असाल, तर पुढे सांगितलेल्या गोष्टी तिथे आणखीच लागू पडतात.

मुल्की आणि कोवळम

मंगळूरच्या उत्तरेला, राष्ट्रीय महामार्ग ६६ वर मुल्की हे छोटं गाव आहे. कोकण रेल्वेने दक्षिणेकडे गेलेल्यांनी हे स्टेशन पाहिलेलं असेल. शांभवी नदी इथे समुद्राला मिळते. नारळाच्या बागा, संथ खाडी आणि पलीकडे वाळूचा लांब पट्टा. जॅक हेबनर या अमेरिकेत वाढलेल्या, पुढे ‘सर्फिंग स्वामी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गृहस्थांनी २००४ मध्ये इथे मंत्रा सर्फ क्लब सुरू केला. तो देशातला पहिला सर्फ क्लब मानला जातो. जवळच ससिहित्लू इथे नंदिनी आणि शांभवी नद्या समुद्राला मिळतात. नद्यांनी आणलेल्या वाळूचे दांडे पाण्याखाली तयार होतात आणि त्यांच्यावर लाट नीट फुटते. २०१६ मध्ये ‘इंडियन ओपन ऑफ सर्फिंग’ ही राष्ट्रीय स्पर्धा इथेच भरली होती.

पूर्वेला, चेन्नईच्या दक्षिणेस साधारण ४० किलोमीटरवर कोवळम हे कोळ्यांचं गाव. केरळच्या कोवळमशी गल्लत करू नका. मूर्ती मेघवन हे इथले मच्छीमार. ते स्वतः सर्फिंग शिकले आणि गावातल्या मुलांना त्यांनी शिकवलं. आज त्या गावातली मुलं शहरातून येणाऱ्यांना शिकवतात. तिथून पुढे महाबलीपुरम. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे आशियाई सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कर्नाटककडून खेळणाऱ्या रमेश बुदिहाळने पुरुष गटात कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक होतं.

या दोन्ही गावांत एक गोष्ट लक्ष देऊन पाहा. शिकवणाऱ्यांकडचे बोर्ड मोठे, रुंद आणि जाड असतात. टोकदार, चकचकीत, छोटे बोर्ड भिंतीला टेकवलेले असतात आणि ते जाणत्यांसाठी असतात. दुकानात जाण्याआधी एवढं निरीक्षण केलं तरी अर्धं काम होतं.

लहान लाटेला मोठा बोर्ड का लागतो?

लाटेतली ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे चार फुटांच्या लाटेच्या तुलनेत दोन फुटांची लाट निम्मी नसते. तिच्यात फक्त पाव ऊर्जा असते. एवढ्या थोड्या ताकदीत माणसाला उचलून पुढे न्यायचं, तर बोर्डाने पाण्यावर सहज तरंगलं पाहिजे आणि कमीत कमी घासलं पाहिजे.

त्यासाठी चार गोष्टी पाहायच्या.

पहिली, लीटर. प्रत्येक चांगल्या बोर्डावर त्याचं आकारमान लीटरमध्ये लिहिलेलं असतं. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनाचा आधार तिला मिळतो, हा आर्किमिडीजचा नियम इथे थेट लागू होतो. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो, समुद्राचं खारं पाणी किंचित जास्त. शिकाऊ माणसाने निदान आपल्या वजनाच्या किलोंइतके लीटर धरावेत आणि लाटा कमजोर असतील तर त्याहून थोडे अधिक. आठ फुटांचा मऊ शिकाऊ बोर्ड साधारण ७५ ते ८५ लीटरचा असतो. स्पर्धकांचा सहा फुटी बोर्ड जेमतेम ३० लीटरच्या आसपास. ७० किलोचा माणूस त्यावर पोटावर झोपला, की बोर्ड पाण्याखाली आणि माणूस हात मारून बेजार.

दुसरी, रुंदी. रुंद बोर्ड डगमगत नाही आणि कमी वेगातही पाण्याच्या पृष्ठभागावर चढतो. शिकण्यासाठी २२ इंच किंवा जास्त रुंदी चांगली.

तिसरी, बाक. बोर्ड जमिनीवर ठेवून बाजूने पाहा. केळ्यासारखा वळलेला असेल तर तो उभ्या, जोरदार लाटांसाठी आहे. लहान लाटांसाठी जवळजवळ सपाट बोर्ड हवा, फक्त नाक थोडं वर उचललेलं, म्हणजे ते पाण्यात घुसणार नाही.

चौथी, शेपटीची रुंदी. मागची बाजू रुंद असेल तर मंद लाटही बोर्डाला मागून धक्का देऊ शकते. दोन-तीन वर्षं सराव झालेल्यांना ‘फिश’ हा प्रकार याच कारणाने आवडतो. तो आखूड असतो, पण माशाच्या शेपटीसारखा मागे रुंद आणि बाकाने सपाट.

टिकाऊ म्हणजे नक्की काय?

दुकानदार सांगतो, ‘‘हा घ्या, एकदम मजबूत.’’ मजबूत म्हणजे काय, हे आपण त्याला विचारायचं. बोर्ड आतून काय आहे आणि वरून काय आहे, या दोन प्रश्नांत सगळं येतं.

मऊ बोर्ड, म्हणजे सॉफ्टटॉप. आत थर्माकोलच्याच जातीचा फोम, वर चटईसारखा मऊ थर, खाली गुळगुळीत प्लास्टिक. आपटला तरी पोचे पडत नाहीत आणि डोक्याला लागला तरी खोक पडण्याची शक्यता कमी. मुलांसाठी आणि पहिल्या दोन वर्षांसाठी हाच. मात्र ऊन हा त्याचा शत्रू. तापला की वरचा थर फोमपासून सुटतो आणि फुगा येतो.

पॉलियुरेथेन फोमचा बोर्ड. आत हा फोम, वर फायबरग्लासचं कापड आणि पॉलिस्टर रेझिन. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हा प्रकार जगभर रुळला. लाटेवर चाल सुंदर, दुरुस्ती स्वस्त आणि सोपी. पण बारीकसारीक धक्क्यानेही पोचा पडतो आणि उन्हाने पिवळा होतो.

इपॉक्सी बोर्ड. आत ईपीएस, म्हणजे साध्या भाषेत थर्माकोल. गणपतीच्या मखरात आपण वर्षानुवर्षं वापरला तोच, फक्त जास्त दाट. वर फायबरग्लास आणि इपॉक्सी रेझिन. वजनाला हलका, तरंगायला उत्तम, टणकही. कमजोर लाटांसाठी ही जोडी चांगली जमते. धोका एकच. भेग पडली आणि तसाच पाण्यात राहिला, तर आतला फोम स्पंजासारखा पाणी शोषतो. भेग दिसली की लगेच किनाऱ्यावर यायचं.

साच्यात दाबून बनवलेले इपॉक्सी बोर्ड याहून दणकट असतात. सर्फिंग शिकवणाऱ्या अनेक ठिकाणी तेच दिसतात, कारण दिवसात दहा जण त्यांच्यावर पडतात. ते थोडे जड आणि ताठ, पण हजार प्रकारच्या हाताळणीला पुरून उरणारे.

फायबरग्लासचा बोर्ड घेत असाल तर कापडाचं वजन जरूर विचारा. ते औंसात सांगतात. चार औंसाचं कापड हलकं, सहा औंसाचं भक्कम. स्पर्धक वजन वाचवायला पातळ कापड घेतात. आपल्याला स्पर्धा जिंकायची नाही. वर सहा औंसाचे दोन थर आणि खाली एक असेल, तर बोर्ड थोडा जड होतो आणि बराच जास्त टिकतो. लांब बोर्डाला तर हे वजन उपयोगीच पडतं. एकदा वेग घेतला की तो लाटेच्या मंद जागाही ओलांडून जातो.

टणकपणा म्हणजेच टिकाऊपणा, असंही समजू नका. चेन्नईला बंदर होण्याआधी जहाजं दूर समुद्रात उभी राहत आणि माणसं-माल किनाऱ्यावर आणायला ‘मासुला’ नावाच्या होड्या असत. त्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. फुटणाऱ्या लाटांत खिळ्यांची ताठ होडी मोडायची, शिवलेली होडी वाकून पुन्हा सरळ व्हायची. बोर्डालाही थोडी लवचीकता हवीच.

बोर्ड खरा मोडतो कुठे?

लहान लाटांच्या ठिकाणी वाळूचा तळ असतो. तिथे बोर्ड लाटेने मोडण्याची वेळ क्वचित येते. बेंगळुरूकराचा बोर्ड खराब होतो तो तीन ठिकाणी: रस्त्यावर, उन्हात आणि जिन्यात.

जाऊन-येऊन ७०० किलोमीटरचा प्रवास, त्यात शिराडी घाटाची वळणं आणि गावोगावचे गतिरोधक. बोर्ड टपावर उलटा ठेवा, म्हणजे उभं राहायची बाजू खाली आणि शेपटी पुढे. खाली स्पंजाच्या गाद्या हव्यात. पट्टे घट्ट असावेत, पण बोर्ड दाबला जाईल इतके नाहीत. दोरी वापरू नका, ती कडांना कापते. दर दीड-दोन तासांनी चहाला थांबाल तेव्हा पट्ट्यांना हात लावून पाहा. सैल पट्ट्यातून सुटलेला बोर्ड मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो.

ऊन त्याहून वाईट. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बोर्ड ठेवलात, तर आतला फोम फुगतो आणि वरचं कवच सुटतं. अशा बोर्डाची नीट दुरुस्ती फार अवघड. चंदेरी, ऊन परतवणारी पिशवी घ्या आणि जेवायला थांबताना गाडी सावलीत लावा.

आणि घर. आठ फुटी बोर्ड लिफ्टमध्ये मावेल का, हे विकत घेण्याआधी मोजा. नाही तर प्रत्येक वेळी जिन्याच्या वळणावर त्याचं नाक भिंतीला घासणार. घरात तो आडवा, रुंद आणि मऊ आधारांवर, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. बेंगळुरूत पाण्याची टंचाई असतेच, तेव्हा एक बादली आणि ओलं फडकं पुरे.

जुना बोर्ड घेताना

वापरलेला बोर्ड स्वस्तात मिळतो आणि पहिल्या वर्षासाठी तो चांगला पर्याय आहे. पाच मिनिटांची तपासणी करा. वरच्या भागावर अंगठ्याने जागोजागी दाबा. मऊ लागलं, तर तिथे थर सुटला आहे. नाण्याने हलकेच वाजवा. टणक आवाज मध्येच बद्द झाला, तर आत पोकळी आहे. तपकिरी डाग म्हणजे पाणी शिरलेलं. दोन्ही हातांनी उचलून पाहा. त्याच मापाच्या दुसऱ्या बोर्डापेक्षा जड वाटला, तर आत पाणी आहे. शेवटी बोर्ड तिरका धरून प्रकाशात पाहा. आडवी बारीक सुरकुती दिसली, तर तो एकदा मोडायला आला होता. असा बोर्ड फुकट मिळाला तरी नको.

दुरुस्तीचं एक सूत्र लक्षात ठेवा. पॉलिस्टर रेझिन थर्माकोलला विरघळवून टाकतं. म्हणून इपॉक्सी बोर्डाला इपॉक्सीच लागतं. गाड्यांचं फायबरग्लासचं काम करणाऱ्या कारागिराकडे बोर्ड नेलात, तर डबा उघडण्याआधी त्यात काय आहे ते विचारा.

घरात कोणासाठी कोणता?

चौघांच्या घरात चार बोर्ड घेण्याची गरज नाही. आठ फुटी मऊ बोर्ड एकच घ्या, घरातल्या शिकणाऱ्यांपैकी सगळ्यात जड व्यक्तीच्या वजनावरून. लहान मूलही त्यावर शिकू शकतं, मागून धक्का द्यायला आई किंवा बाबा हवेत. मूल स्वतः हात मारून लाट पकडायला लागलं, की त्याला सात फुटी द्या. मोठ्यांनी दोन वर्षांनी नऊ फुटी लाँगबोर्डकडे जावं. आपल्या मंद लाटांवर त्याच्याइतकं समाधान दुसरा बोर्ड देत नाही. छोट्या बोर्डाची घाई करू नका. आणि काहीही घेण्याआधी चार-पाच वेळा भाड्याच्या बोर्डावर वेगवेगळी मापं वापरून पाहा.

बोर्डासोबत लीश, म्हणजे पायाला बांधायची दोरी हवीच. तिची लांबी बोर्डाइतकी असावी. लीश तुम्हाला वाचवत नाही. सुटलेला बोर्ड दुसऱ्याच्या मुलाच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून ती असते. पोहता येत नसेल तर आधी बेंगळुरूच्या तरणतलावात पोहणं शिका. पाण्यात पडताना हातांनी डोकं झाका. ओढ लागून आत जायला लागलात तर उलट किनाऱ्याकडे झगडू नका. बोर्डाला धरून राहा आणि किनाऱ्याला समांतर सरका.

निघण्याआधी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज पाहा, तो सगळ्यांना मोफत उपलब्ध आहे. एप्रिल-मेमध्ये केरळकडे ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, अशी एक गोष्ट असते. वारा नाही, वादळ नाही, आणि दूरच्या महासागरातून आलेल्या लाटा अचानक किनाऱ्यावर चढतात. त्याचा इशारा असेल तर बेत सरळ पुढे ढकला. आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर तिथल्या मच्छीमाराला विचारा, ‘‘आज पाण्यात जावं का?’’ तो नाही म्हणाला, तर वाळूत किल्ले करा, गरम नीर डोसा किंवा इडली खा. चांगला निवडलेला, सावलीत जपलेला बोर्ड पुढच्या शनिवारीही तसाच असेल.